संगणकाचा ब्रँड बदलल्यावर बाहेरची हार्ड डिस्क वारंवार का अडते आणि ते कसे थांबवावे

विंडोजचा संगणक वापरणाऱ्या घरात अ‍ॅपलचा मॅक आला की एक तक्रार ठरल्यासारखी सुरू होते. जुनी बाहेरची हार्ड डिस्क नव्या संगणकाला जोडली असता फोल्डर उघडतात, फोटो दिसतात, पण त्यात नवी फाईल ठेवता येत नाही. कोणाच्या तरी सांगण्यावरून ती डिस्क एक्सफॅट या, डिस्कवर फाईली मांडण्याच्या दोन्ही संगणकांना चालणाऱ्या पद्धतीने फॉरमॅट केली जाते आणि दोन-तीन आठवडे सगळे सुरळीत चालते. मग एके दिवशी डिस्क मॅकवर दिसेनाशी होते, किंवा विंडोजवर जोडल्याबरोबर ‘या ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करा’ अशी सूचना येते. दुरुस्ती केली की डिस्क चालू लागते आणि काही दिवसांनी पुन्हा तेच घडते.

माझ्या घरी हा प्रकार जवळजवळ वर्षभर चालला. केबल बदलली, डिस्क तीनदा फॉरमॅट केली, नवी डिस्कही आणली, आणि त्या नव्या डिस्कवरही महिन्याभरात तीच सूचना आली तेव्हा शोध वेगळ्या दिशेने करायला हवा हे कळले. अडचणीचे मूळ आमच्या हाताच्या सवयीत होते. काम झाले की केबल ओढून डिस्क बाजूला ठेवायची, ही सवय जुन्या विंडोजच्या संगणकावर वर्षानुवर्षे चालून गेली होती. तीच सवय मॅक आणि एक्सफॅट यांच्या जोडीला मानवत नव्हती. हे कळल्यानंतर उपाय अवघड राहिला नाही, म्हणून कारण आणि उपाय दोन्ही सविस्तर लिहीत आहे.

आधी अडचण नेमकी कोणती ते ओळखावे

‘डिस्क चालत नाही’ या एकाच वाक्यामागे चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. त्यामुळे डिस्क कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे हे सर्वांत आधी पाहावे. मॅकवर फाइंडरमध्ये डिस्क निवडून ‘गेट इन्फो’ उघडले की ‘फॉरमॅट’ या शब्दासमोर ती पद्धत लिहिलेली असते. विंडोजवर ड्राइव्हवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडले की ‘फाईल सिस्टिम’समोर तीच माहिती मिळते.

तेथे एनटीएफएस असे लिहिलेले असेल आणि मॅकवर वाचता येते पण लिहिता येत नाही अशी तक्रार असेल, तर काहीही बिघडलेले नाही. एनटीएफएस ही मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आणलेली पद्धत आहे आणि मॅकमध्ये ती वाचण्याची सोय आहे, लिहिण्याची नाही. अनेकजण अशा वेळी परवानग्यांचे रकाने बदलत बसतात, फोल्डरवरचे कुलूप शोधतात. त्याचा उपयोग होत नाही. एनटीएफएसवर लिहू देणारी वेगळी सॉफ्टवेअर मिळतात आणि ती थोड्या दिवसांच्या गरजेसाठी वापरायला हरकत नाही. मात्र मॅकची नवी आवृत्ती आली की अशा सॉफ्टवेअरलाही नवी आवृत्ती लागते, आणि जिची दुसरी प्रत कोठेही नाही अशी डिस्क मी त्यांच्या भरवशावर ठेवणार नाही.

उलट बाजूची गोष्ट अधिक धोक्याची आहे. मॅकवर एपीएफएस किंवा त्याआधीच्या एचएफएस प्लस पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही, आणि विंडोज तसे स्पष्ट न सांगता ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असे विचारते. या प्रश्नाला ‘हो’ म्हटले की डिस्कवरील मांडणी पुसली जाते. ‘हो’ म्हणेपर्यंत डिस्कवर सर्व काही सुखरूप असते, फक्त समोरच्या संगणकाला ती लिपी येत नसते. अशा वेळी ‘रद्द’ करून डिस्क पुन्हा मॅकला जोडून पाहावी. घरातल्या प्रत्येकाला ही एक गोष्ट तरी नक्की सांगून ठेवावी, कारण या अडचणीतले सर्वांत मोठे नुकसान याच एका बटणाने होते.

तिसरी शक्यता कूटबद्ध डिस्कची. जुन्या संगणकावर बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कुलूप लावण्याच्या सोयीने, बंद केलेली डिस्क मॅक स्वतःहून उघडू शकत नाही. जुना संगणक कोणाला देऊन टाकण्याआधी त्यावरच ती डिस्क उघडून बिटलॉकर बंद करावे आणि पासवर्ड विसरल्यास लागणारी ४८ अंकी रिकव्हरी की कोठे जपून ठेवली आहे याची खात्री करावी. की हरवली आणि पासवर्डही विसरला, तर दुसरा मार्ग राहत नाही.

चौथी आणि वारंवार उद्भवणारी अडचण एक्सफॅटची आहे, आणि या लेखाचा मुख्य विषय तोच आहे.

एक्सफॅटवर हेच पुन्हा पुन्हा का होते

एक्सफॅट ही पद्धत मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली. त्याआधीच्या फॅट ३२ मध्ये एका फाईलचा आकार ४ जीबीच्या आतच असावा लागे, त्यामुळे लांबलचक व्हिडिओ त्यात बसत नसत. एक्सफॅटने ती अडचण दूर केली. मॅकमध्ये ती २०१० पासून वाचता-लिहिता येते आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिचे तपशील खुले केल्यावर लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या गाभ्यातही तिला जागा मिळाली. दोन वेगळ्या ब्रँडचे संगणक असलेल्या घरात म्हणूनच सर्वजण एक्सफॅटचा सल्ला देतात. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण एक्सफॅटमध्ये काय नाही हे सहसा सांगितले जात नाही.

दुकानाच्या हिशेबात कीर्द असते. व्यवहार आधी कीर्दीत लिहायचा आणि मग खतावणीत उतरवायचा. मध्येच कोणी उठून गेले तरी कीर्द पाहून काम कोठे राहिले ते कळते. एनटीएफएसमध्ये अशी कीर्द असते. डिस्कवरील मांडणीत बदल करण्याआधी त्याची नोंद वेगळ्या जागी होते, त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली तरी पुढच्या वेळी ती नोंद वाचून मांडणी सुसंगत केली जाते. मॅकच्या एपीएफएसमध्ये मार्ग वेगळा आहे. तेथे जुन्या नोंदीवर न लिहिता नवी नोंद नव्या जागी पूर्ण केली जाते आणि ती पूर्ण झाल्यावरच जुनी सोडून दिली जाते. दोन्हींचा परिणाम सारखाच, की अर्धवट राहिलेले काम संपूर्ण डिस्कला बाधत नाही.

एक्सफॅटमध्ये यांपैकी काहीच नाही. एक फाईल ठेवायची तर डिस्कवरील कोणती जागा भरली याची नोंद, फाईलचे तुकडे कोठे आहेत याची नोंद आणि फोल्डरातील नावाची नोंद अशा वेगवेगळ्या ठिकाणी बदल करावे लागतात. हे बदल होत असताना केबल निघाली, तर एक नोंद नवी आणि दुसरी जुनी अशी अवस्था राहते. आधी काय होते हे सांगणारे दुसरे काही डिस्कवर नसते. एक्सफॅटमध्ये फक्त एक छोटी खूण असते: लिहायला सुरुवात करताना ती ‘अस्वच्छ’ अशी केली जाते आणि डिस्क रीतसर बाहेर काढताना पुन्हा ‘स्वच्छ’ केली जाते. विंडोजवर वारंवार येणारी ‘तपासून दुरुस्त करा’ ही सूचना बहुतेक वेळा या खुणेमुळेच येते. मॅकवरून केबल ओढली गेली, खूण ‘अस्वच्छ’ राहिली, आणि विंडोजने तेवढेच पाहून सूचना दाखवली.

मग जुन्या संगणकावर इतकी वर्षे केबल ओढूनही काही का झाले नाही? एक कारण वर आलेच, की जुनी डिस्क एनटीएफएसची होती आणि कीर्द तिला सांभाळून घेत होती. दुसरे कारण असे, की विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण आपोआप लागू असते. त्यात फाईलचा मजकूर स्मृतीत साठवून सावकाश लिहिण्याऐवजी शक्य तितक्या लवकर डिस्कवर लिहिला जातो, त्यामुळे कॉपी संपल्याचे दिसले की बहुतेक वेळा ती खरोखर संपलेली असते. मॅक बाहेरच्या डिस्कवरही काही लेखन स्मृतीत धरून ठेवतो आणि सवडीने पुढे ढकलतो. शिवाय जोडलेल्या डिस्कची शोधसूची तयार करणे, फोल्डरांच्या मांडणीची माहिती लिहिणे अशी कामे आपण काही करत नसतानाही चालू असतात. पडद्यावर सर्व शांत दिसते, आपण केबल काढतो, आणि नेमक्या त्या क्षणी लेखन चालू असते.

यानंतरचा भाग मला सर्वांत उशिरा समजला. ‘अस्वच्छ’ खूण असलेली एक्सफॅट डिस्क मॅकला जोडली की मॅक ती लगेच दाखवत नाही; आधी पार्श्वभूमीवर तिची तपासणी सुरू करतो. डिस्क मोठी आणि फाईली लाखांत असतील तर ही तपासणी बराच वेळ, क्वचित काही तास चालते. या काळात फाइंडरमध्ये डिस्क नसते, कोणतीही सूचना नसते, फक्त डिस्कचा दिवा लुकलुकत असतो. माणूस दोन-चार मिनिटे वाट पाहतो, डिस्क बिघडली असे समजून केबल काढतो, पुन्हा लावतो. म्हणजे तपासणी अर्ध्यावर तुटते, खूण तशीच राहते आणि पुढच्या वेळी सर्व पहिल्यापासून सुरू होते. आमच्या डिस्कच्या ‘वारंवार बिघडण्या’तला मोठा वाटा या घाईचा होता. डिस्क दिसत नसेल तर चालू कामांची यादी दाखवणारा मॅकचा ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर’ उघडून नावात ‘एफएससीके’ (fsck) असलेले काही चालू आहे का ते पाहावे. असेल तर संगणक झोपी जाऊ न देता तो तसाच चालू ठेवावा.

दुरुस्तीच्या आधी नक्कल

डिस्क कशीबशी उघडते आहे पण सूचना येत आहेत, अशा अवस्थेत सर्वांचा हात आधी ‘दुरुस्त करा’कडे जातो. माझाही गेला होता. विंडोजने काही सेकंदांत दुरुस्ती पूर्ण झाल्याचे सांगितले आणि नंतर एका पूर्ण फोल्डरातील फोटो जागेवर नसल्याचे आढळले. बरेचसे फोटो ‘फाउंड’ अशा नावाच्या लपलेल्या फोल्डरात क्रमांकाच्या नावांनी सापडले, काही सापडलेच नाहीत. दुरुस्ती करणाऱ्या साधनाचे काम डिस्कची मांडणी सुसंगत करणे एवढेच असते. त्यासाठी एखादी नोंद कापून टाकणे सोपे असेल तर ते ती कापते. त्यातली फाईल कोणाला किती प्रिय आहे हे त्याला कळण्याचे कारण नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा, की डिस्क वाचता येत आहे तोपर्यंत तिच्यावरील सर्व मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा आणि नंतरच तपासणी-दुरुस्तीला हात लावावा. मॅकवर कधीकधी अशी सूचना येते, की डिस्क दुरुस्त करता येत नाही, फाईली उघडता आणि कॉपी करता येतील पण बदल जतन करता येणार नाहीत. ही सूचना पाहून घाबरण्याचे कारण नाही. मॅकने डिस्क मुद्दाम फक्त वाचण्यापुरती उघडली आहे, आणि कॉपी करून घेण्यासाठी याहून सुरक्षित अवस्था नाही. मॅकवर ती अजिबात उघडत नसेल तर विंडोजला जोडून पाहावी, आणि तेथे सूचना आली तरी ‘दुरुस्ती न करता पुढे जा’ हा पर्याय निवडून कॉपी करावी.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल किंवा एकेक फाईल उघडायला मिनिटे लागत असतील, तर प्रश्न फॉरमॅटचा नसून यंत्राच्या झिजेचा आहे. अशा डिस्कवर तपासणी चालवली की तिच्यावर आणखी ताण पडतो. तिच्यातील मजकूर मोलाचा असेल तर ती बंद करून डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे द्यावी.

कॉपी पूर्ण झाली का हे पाहताना दोन आकड्यांनी फसायला होते. विंडोज आणि मॅक आकार वेगळ्या मापाने मोजतात: मॅक २००९ पासून १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे धरतो, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटना १ जीबी म्हणतो. त्यामुळे १ टीबीची डिस्क मॅकवर १ टीबी आणि विंडोजवर सुमारे ९३१ जीबी दिसते. त्यात हरवलेले काही नसते. तसेच ‘डिस्कवरील आकार’ हा आकडा फॉरमॅटनुसार बदलतो. तुलना करायची तर फाईलींची संख्या आणि बाइटमधील मूळ आकार यांची करावी, आणि वेगवेगळ्या वर्षांतील दहा-पंधरा फाईली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात.

मजकूर सुरक्षित झाल्यावर विंडोजमध्ये ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘टूल्स’ येथून, किंवा मॅकच्या ‘डिस्क युटिलिटी’तील ‘फर्स्ट एड’मधून तपासणी करावी. एक्सफॅटच्या बाबतीत मी विंडोजच्या तपासणीला प्राधान्य देतो. एकदा घोटाळा झालेली डिस्क दुरुस्तीनंतरही पुन्हा फॉरमॅट केलेली बरी. विंडोजमध्ये एक्सफॅट निवडून बाकीचे पर्याय आहेत तसेच ठेवले की पुरते. फॉरमॅट मॅकवर करायचे असेल, तर ‘डिस्क युटिलिटी’च्या ‘व्ह्यू’ यादीतून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडून सर्वांत वरची, म्हणजे पूर्ण डिस्क निवडावी आणि ‘स्कीम’मध्ये ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’ ठेवावा. ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ ही जुनी मांडणी निवडली तर सुमारे २.२ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही.

कायमचा उपाय: डिस्कचे काम बदलणे

येथपर्यंतचे सर्व केले आणि वापर पूर्वीसारखाच ठेवला, तर सूचना महिन्याभरात परत येईल. म्हणून घरात दोन ब्रँडचे संगणक राहणार असतील तर एक्सफॅटची डिस्क ही पिशवी समजावी, कपाट समजू नये. तिच्यातून सामान एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यावे, पण कोणत्याही फाईलची एकमेव प्रत तिच्यावर राहू देऊ नये.

कपाटाचे काम ज्या संगणकाचे त्याच्या स्वतःच्या पद्धतीने करावे. मॅकसाठी वेगळी डिस्क एपीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून ती मॅकलाच जोडावी आणि विंडोजची डिस्क एनटीएफएसवर राहू द्यावी. मॅकच्या ‘टाइम मशीन’ या बॅकअपलाही मॅकच्याच पद्धतीची डिस्क लागते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: टाइम मशीनसाठी चुकून जुनी डिस्क निवडली गेली, तर मॅक ती पुसून नव्याने फॉरमॅट करण्याची परवानगी विचारतो. तो प्रश्न नीट न वाचता मान्य केला तर आधीचा सर्व संग्रह जातो.

बहुतेक घरांत रोजच्या वापरासाठी डिस्क इकडून तिकडे नेण्याचीच गरज नसते, हे आमच्याही उशिरा ध्यानात आले. दोन्ही संगणक एकाच वाय-फायवर असतात, आणि एका संगणकावरील फोल्डर दुसऱ्यावर थेट उघडता येतो. या मार्गात डिस्क कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केली आहे याला काहीच महत्त्व राहत नाही, कारण डिस्कवर लिहिण्याचे काम जिला ती जोडली आहे ती प्रणालीच करते. मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘जनरल’, त्यातील ‘शेअरिंग’ येथे ‘फाईल शेअरिंग’ चालू करावे आणि त्याच्या पर्यायांत विंडोजसाठी आपल्या खात्यासमोर खूण करून पासवर्ड द्यावा. विंडोजवर फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘शेअरिंग’ वापरावे आणि वाय-फायचे जाळे ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदलेले आहे ना ते पाहावे, कारण ‘पब्लिक’ असेल तर संगणक एकमेकांना दिसत नाहीत. मॅकवरून विंडोजच्या फोल्डरात जाताना पासवर्ड वारंवार नाकारला जात असेल, तर तेथे रोज वापरला जाणारा पिन दिला जात आहे का हे तपासावे. जाळ्यावरून येताना पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. वर्षानुवर्षे पिननेच उघडणाऱ्यांना तो पासवर्ड आठवत नसतो, आणि मग दोष जाळ्याला दिला जातो.

पहिल्यांदा सर्व मजकूर हलवायचा असेल तेव्हा मात्र वाय-फाय फार हळू वाटते. त्या एका वेळेसाठी डिस्क वापरावी, किंवा दोन्ही संगणक नेटवर्क केबलने जोडून मॅकच्या ‘मायग्रेशन असिस्टंट’ची मदत घ्यावी, विंडोजच्या बाजूला बसवायचे त्याचे जोडसॉफ्टवेअर अ‍ॅपल देते.

डिस्क बाहेर पडायला तयार नसेल तर

सवय बदलायची ठरवली, प्रत्येक वेळी ‘इजेक्ट’ करायला, म्हणजे डिस्क रीतसर बाहेर काढायला सुरुवात केली, की पुढची अडचण उभी राहते: एखादा प्रोग्रॅम डिस्क वापरत असल्यामुळे ती काढता येत नाही, असे मॅक सांगतो. येथेच अनेकजण कंटाळून पुन्हा केबल ओढू लागतात. डिस्कवरील फोटो किंवा व्हिडिओ उघडलेला प्रोग्रॅम खिडकी बंद केली तरी मॅकवर चालूच राहतो, कारण विंडोजप्रमाणे शेवटची खिडकी मिटल्यावर बहुतेक प्रोग्रॅम मॅकवर बंद होत नाहीत; तो ‘क्विट’ करावा लागतो. ब्रँड बदलणाऱ्याला हा फरक अंगवळणी पडायला वेळ लागतो. तरीही डिस्क निघत नसेल तर बहुधा ‘स्पॉटलाइट’ हा मॅकचा शोधक तिची शोधसूची बनवत असतो. नुसत्या ने-आण करण्याच्या डिस्कला शोधसूचीची गरज नसते, म्हणून स्पॉटलाइटच्या सेटिंग्जमधील गोपनीयतेच्या यादीत ती टाकून ठेवावी. कशानेच निघाली नाही तर संगणक पूर्ण बंद करून मग केबल काढावी.

विंडोजवर ‘पूर्ण बंद’ याचाही अर्थ तपासून घ्यावा लागतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे; तीत संगणक बंद करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तेथूनच सुरू होतो. अशा गोठवलेल्या अवस्थेत जोडलेली डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर तिच्यात बदल केले, तर परत आल्यावर विंडोजच्या स्मृतीतील मांडणी आणि डिस्कवरील मांडणी यांचा मेळ बसेलच असे नाही. ‘शट डाउन’वर क्लिक करताना शिफ्ट कळ दाबून धरली की संगणक खरोखर पूर्ण बंद होतो.

दुसरा त्रास झोपेचा. मॅक झोपून उठला की ‘डिस्क योग्य रीतीने बाहेर काढली नव्हती’ अशी सूचना येते, आणि कोणी हातही लावलेला नसतो. झोपेत पोर्टचा वीजपुरवठा किंवा जोडणी क्षणभर तुटणे हे त्यामागचे नेहमीचे कारण. एका हबवर दोन डिस्क आणि इतर उपकरणे असतील तर हे जास्त होते, कारण यूएसबी ३.० चे पोर्ट साधारण ९०० मिलिअँपिअर आणि २.० चे ५०० मिलिअँपिअर देईल असे मानकात आहे, आणि तेवढ्यातच हबने सर्वांची वाटणी करायची असते. डिस्क थेट संगणकाला जोडून पाहावी, हब लागतच असेल तर स्वतंत्र वीजजोडणी असलेला घ्यावा, आणि रात्री संगणक झोपवण्याआधी डिस्क काढून ठेवावी.

बिघाड वाटणाऱ्या, पण बिघाड नसलेल्या गोष्टी

मॅकवर वापरलेली एक्सफॅट डिस्क विंडोजला किंवा दूरचित्रवाणी संचाला जोडली की प्रत्येक फोटो दोनदा दिसतो आणि त्यातला एक उघडत नाही. टिंब आणि अधोरेषा यांनी सुरू होणाऱ्या या छोट्या फाईली मॅक तयार करतो; फाईलबद्दलची जी जादा माहिती एक्सफॅटमध्ये ठेवायला जागा नाही, ती तो अशी वेगळी ठेवतो. विंडोजवर त्या पुसल्या तरी मूळ फोटोला काही होत नाही. मात्र नाव नीट वाचूनच पुसावे, कारण घाईत मूळ फोटोच पुसला गेल्याचे मी पाहिले आहे.

मराठी नावांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. ‘दुसऱ्या सहामाहीचे निकाल’ अशा नावाची फाईल मॅकवर झिप करून विंडोजवर उघडली, आणि तेथे त्याच नावाची फाईल आधीपासून असली, तर एकाच फोल्डरात हुबेहूब सारख्या नावाच्या दोन फाईली दिसू शकतात. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर एकच चिन्ह म्हणूनही लिहिता येते आणि ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. दोन्ही रूपे समान मानावीत असे युनिकोड सांगते. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीत नावे सुट्या रूपात साठवली जात, आणि एनटीएफएस दोन्ही रूपांना वेगवेगळी नावे समजते. डोळ्यांना फरक दिसत नसल्यामुळे डिस्क बिघडली असे वाटते. उपाय सोपा आहे: दोन्ही उघडून अद्ययावत कोणती ते पाहावे, एक ठेवावी आणि तिचे नाव विंडोजवर पुन्हा टंकित करावे.

मॅकऐवजी लिनक्सकडे गेलेल्यांसाठी थोडक्यात: लिनक्स एनटीएफएसवर लिहू शकतो, आणि ५.१५ या आवृत्तीपासून त्यासाठीचा ड्रायव्हर गाभ्यातच आहे. तरीही डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडत असेल, तर बहुधा विंडोजने ती वर सांगितलेल्या गोठवलेल्या अवस्थेत सोडलेली असते. ती पुन्हा विंडोजला जोडून रीतसर बाहेर काढली, किंवा फास्ट स्टार्टअप बंद केले, की हा प्रश्न सुटतो.

इतके करूनही सूचना येत राहिली तर

दोन आठवडे प्रत्येक वेळी न चुकता इजेक्ट करूनही विंडोज दुरुस्तीची सूचना दाखवत असेल, तर कोणत्या संगणकावरून काढल्यानंतर ती येते हे एका कागदावर तारखेसह लिहून ठेवावे. फक्त मॅकवरून आल्यावर येत असेल तर झोपेच्या वेळी डिस्क जोडलेली राहते का ते पाहावे. दोन्हीकडे येत असेल तर आधी केबल बदलावी, नंतर पोर्ट, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. त्यानंतरही फरक पडला नाही, तर तोच मजकूर दुसऱ्या डिस्कवर ठेवून तोच क्रम पुन्हा करून पाहावा. दुसरी डिस्क आठवडाभर निर्वेध चालली तर पहिली डिस्कच झिजलेली आहे, आणि तिच्यावर यापुढे काहीही ठेवू नये.